चिरेच्या टोकाचं भोक

गेल्या हिवाळ्यात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि एक जाडजूड गौरवअंक. अंकात ज्यानं त्यानं मला 'निर्भीड' म्हटलंय. एकानं तर 'जन्मजात निर्भीड' असं लिहिलंय, जणू मी आईच्या पोटातून घोषणा देतच बाहेर पडले. लिहिणाऱ्यांचा दोष नाही. मी त्यांना जे सांगत आले तेच त्यांनी लिहिलं. जे सांगितलं नाही ते आता सांगते. ते एका जुन्या जिपेच्या डॅशबोर्डबद्दल आहे. दुष्काळाच्या आठवणी म्हटलं की ज्यांना फक्त भेगाळलेली जमीन वाचायची सवय आहे त्यांना ते क्षुल्लक वाटेल. वाटू दे.

बाबांचं वर्कशॉप म्हणजे आमच्या घराची पुढची पडवी आणि तिच्यासमोरचं कडुनिंबाचं झाड. पाटी नव्हती. 'शमुवेल मिस्त्री कुठं राहतात' असं नगरात छावणीच्या बाजूला कुणालाही विचारलं तर तो हात करून दाखवायचा. (आता शहराचं नाव बदललंय, तरी माझ्या तोंडी नगरच येतं. या वयात जीभ कोण दुरुस्त करणार?) लष्करानं लिलावात काढलेल्या जिपा तेव्हा जिल्ह्यातले बागाईतदार, ठेकेदार, पुढारी हौसेनं घ्यायचे. रस्ते असे होते की दुसरी गाडी टिकायची नाही, आणि या टिकायच्या त्याही बाबांसारख्या माणसांच्या जिवावर. इंजिनाला बाबा हात लावत नसत. त्यांचं काम पत्र्याचं. बोटाच्या पेरानं पत्र्यावर टकटक करायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि सांगायचे, "हितं आतनं गंजलाय." आमच्या घराचे सगळे आवाज त्या पडवीतले. वेल्डिंगचा गॅस बनवणाऱ्या कार्बाइडच्या टाकीची गुडगुड, गॅस पेटताना होणारा 'फट्', हातोडीखाली आधी कर्कश आणि मग हळूहळू समजूत पटल्यासारखा मऊ होत जाणारा पत्रा. कार्बाइडचा लसणासारखा उग्र वास आईच्या रविवारच्या साडीलासुद्धा यायचा. टाकीत उरणारा पांढरा गाळ आई बादलीत साठवून ठेवायची आणि नाताळाच्या आधी त्यानंच भिंतींना सफेदी द्यायची. त्यामुळे येशूच्या जन्माला आमचं घर पांढरंशुभ्र असायचं आणि त्याला वेल्डिंगचा वास मारायचा.

आई मिशनच्या शाळेत मास्तरीण होती. तिचं बोलणं पुस्तकातलं, बाबांचं शेवगावकडच्या त्यांच्या गावचं, आणि लग्नाला वीस वर्षं होऊनही दोघांपैकी कुणी एक इंच हललं नव्हतं. "भाकरी आहे का?" असं आई म्हणायची नि "हाय की" असं बाबा. त्या दुष्काळाच्या वर्षी भाकरी म्हणजे परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची. थापली की कडेनं फाटायची, खाल्ली की घशात अडकायची. आई त्यावर तव्यावर भाजलेलं सुकट आणि लसूण एकत्र कुटून द्यायची, नाहीतर हुलग्याचं पातळ माडगं. जेवायच्या आधी प्रार्थना असायची आणि आई न चुकता म्हणायची, "या अन्नाबद्दल तुझे आभार मानतो." मी एकदा डोळे उघडून विचारलं होतं, "या अन्नाबद्दलसुद्धा?" बाबा हसले. आईनं आमेन होईपर्यंत मला डाव्या हातानं चिमटा काढून धरलं होतं.

मी कॉलेजात होते, नावापुरती. खरं शिक्षण आमच्या तरुण मंडळाच्या खोलीत चालायचं. तिथं एक उसनं सायक्लोस्टाइल यंत्र होतं आणि स्टेन्सिलवर कोरायचं काम माझ्याकडं, कारण माझं अक्षर आईनं छडी मारून घडवलेलं. पत्रक कसं लिहायचं हे आम्हाला पढवलं होतं: वाक्य लहान, शत्रू मोठा, आणि शेवटी प्रश्नचिन्ह. मी त्यात इतकी तरबेज झाले की आईला साखर संपल्याचं सांगतानाही 'साखर कुणी संपवली?' असं विचारायचे. शाईनं माझ्या उजव्या हाताची बोटं कायम काळी असत. बाबांची बोटंही काळीच. ते म्हणायचे, "दोघंबी कामाची मानसं." मला तेव्हा वाटायचं, माझं काम मोठं. ते पत्रा जोडतात, मी माणसं जोडते. असलं वाक्य तेव्हा मला सुचायचं आणि त्याची लाजही वाटायची नाही.

आता जिपेकडं येते. शेवगावच्या अलीकडे खडी पुरवणारे एक ठेकेदार होते, अण्णाशेठ. खाणी त्यांच्या, पाण्याचे टँकर त्यांचे, मोसंबीची बागही त्यांची. त्यांची लिलावातली जीप आदल्या वर्षी बाबांकडं आली होती. डॅशबोर्डला चीर पडली होती, स्पीडोमीटरच्या भोकापासून खाली, वीतभर. अशा जुन्या गाड्यांचा डॅशबोर्ड म्हणजे साधा लोखंडी पत्रा. खडीच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं थरथरून तो स्पीडोमीटरसारख्या घड्याळांच्या भोकांपाशी फाटतो. डोळ्यांना चीर जिथं संपलेली दिसते तिथं ती संपलेली नसते. खरं टोक शोधायला बाबा पत्र्यावर रॉकेल पुसायचे, कोरडं करायचे आणि वरून खडू घासायचे. थोड्या वेळानं चिरेत शिरलेलं रॉकेल खडूवर झिरपून बारीक काळी रेघ उमटायची, डोळ्यांना दिसत होतं त्याच्या पुढं बोटभर. त्या टोकावर ते हातड्रिलनं एक गोल भोक पाडायचे. "चीर लई वंगाळ जात," ते मला म्हणाले होते. "तिला टोक हाय तवर ती पळत र्‍हाती. टोकाला गोल भोक पाडलं की पुढं शिरायला कोपराच घावत न्हाई." भोक पाडून झालं आणि पितळ भरायच्या आतच अण्णाशेठना कुठंतरी मीटिंगला जायची घाई झाली. बाबा म्हणाले, "चालवा आता. वाढनार न्हाई. पुढच्या खेपंला भरून देतो." ती पुढची खेप लवकर आली नाही. चीर तशीच राहिली, टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक घेऊन.

त्याच अण्णाशेठच्या खाणीशेजारी दुष्काळी काम निघालं होतं, रस्त्याचं. दोन-अडीचशे बायका-माणसं उन्हात खडी फोडायची. मी मंडळातर्फे आठवड्यातून दोनदा एसटीनं तिथं जायची. बायकांच्या टोळीची पुढारीण गयाबाई. पस्तिशीची असेल, रुंद हाडाची, कपाळावर घामानं ओघळलेलं कुंकू. नवरा तिकडं कारखान्यावर ऊस तोडायला गेलेला, तो परतला नव्हता. घरी म्हातारी सासू आणि दहा-अकरा वर्षांची सुमन. सुमनला शिकवायचं होतं तिला. मी आईच्या शाळेच्या बोर्डिंगबद्दल बोलले होते आणि गयाबाईनं ते गाठीला बांधून ठेवलं होतं. दर खेपेला विचारायची, "इच्चारलं का गं तुज्या आईला?" माझं भाषण ती काम न थांबवता ऐकायची. पहिल्यांदा मी शोषणावर बोलून घामाघूम होऊन थांबले तर म्हणाली, "झालं का भाषान? मंग ही पाटी उचलू लाग." सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. मी पाटी उचलली, चार पावलं गेले आणि टाकली. "न्हाई जमत कागदावानी," ती म्हणाली, आणि तिनं पाटी माझ्या हातातून अलगद काढून घेतली.

भानगड झाली ती पाण्यावरून. कामावर पाण्याचा टँकर यायचा होता, तो चार दिवस आला नाही. मोसंबीच्या बागेत तो रोज जात होता, हे रस्त्यावरून दिसत होतं. चौथ्या दिवशी मी तिथं होते. खडीच्या ढिगावर चढून मी बोलले, आणि चांगलं बोलले. "तुमच्या लेकरांचं पाणी झाडांना का?" असं म्हणाले. तेवढ्यात अण्णाशेठची जीप आली आणि मीच हात करून म्हणाले, "अडवा!" बायका उठल्या आणि रस्त्यात उभ्या राहिल्या. हातात हातोड्या होत्या, कारण दिवसभर त्यांच्या हातात हातोड्याच असायच्या. गयाबाई सगळ्यांत पुढं. अण्णाशेठनं हॉर्न वाजवला, शिवी दिली, गाडी अंगावर आणली. गयाबाईनं बॉनेटवर डावा तळहात आपटला आणि म्हणाली, "घाल अंगावर, घाल!" बस. एवढंच झालं. मी हाताच्या अंतरावर होते. गाडी मागं गेली, संध्याकाळी टँकर आला, आम्ही जिंकलो म्हणून मी एसटीत गुणगुणत नगरला परतले.

दुसऱ्या दिवशी गयाबाईला पोलिसांनी उचललं. फिर्याद अशी: हातोडी घेऊन जिपेत शिरली, अण्णाशेठवर वार केला, वार चुकून डॅशबोर्डवर बसला आणि तो फुटला. पुरावा म्हणून तिची हातोडी जप्त. पंचनाम्यात लिहिलं, डॅशबोर्डला वीतभर तडा. पंच दोघंही अण्णाशेठच्या खाणीवरचे. जीप परत मालकाच्या ताब्यात.

मी घरी हे सांगितलं तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. दुपारची वेळ, दारातून तापलेल्या टाकीचा वास येत होता. बाबांचा घास हातात राहिला.

"तडा कुटं म्हनलीस?"

"डॅशबोर्डला. स्पीडोमीटरच्या खाली."

"वीतभर?"

"हो."

ते उठले. हात न धुता पडवीत गेले, खडू घेऊन आले आणि जमिनीवर चीर काढून दाखवली. टोकाला एक गोल. "ही चीर माझ्या वळखीची हाय. हे भोक म्या पाडलंय. एस्तेर, हातोडीनं पत्रा फुटंल, पर फुटल्या पत्र्याच्या टोकाला ड्रिलनं गोल भोक कोन पाडंल? गयाबाई ड्रिल घिऊन आल्ती का?" माझे बाबा मोठ्यानं बोलणारे नव्हते. त्या दिवशी बोलले. "आन् चिरंच्या कडा बघा म्हनावं. वर्साचा गंज असंल तिच्यात. म्या कोर्टात सांगतो."

मला आठवतंय, आईनं त्यांच्या हातावर पाणी घातलं आणि स्वतःच्या पदरानं हात पुसले.

मी धावत वकिलांकडं गेले. आमच्या मंडळाचे वकील सावध गृहस्थ, चष्मा कपाळावर. सगळं ऐकून म्हणाले, "तोंड बंद ठेव. तारखेला मी अर्ज देतो, जीप कोर्टापुढं आणा म्हणून. एकदा न्यायाधीशांनी ते भोक डोळ्यांनी पाहिलं की केस संपली. आठ दिवस. आठ दिवस कुणाला एक शब्द बोलायचा नाही." बाबाही तेच म्हणाले. दोघांनी वेगवेगळ्या शब्दांत तेच सांगितलं, आणि मी दोघांनाही मान डोलावली.

चार दिवस कळ काढली. पाचवा शेवगावच्या बाजाराचा दिवस होता. तालुका सगळा गोळा होणार आणि माझ्याकडं अख्ख्या जिल्ह्यातलं सगळ्यांत धारदार हत्यार, ते खिशात ठेवून मी नुसती बसू? मी स्वतःला सांगितलं, लोकांना सत्य कळलं पाहिजे, लोकांचा दबाव पाहिजे. खरं सांगू? मथळा सुचला होता. 'अण्णाशेठ, टोकाला भोक कुणी पाडलं?' असा मथळा सुचल्यावर तो न छापता ठेवणं माझ्याच्यानं होईना. मी स्टेन्सिल कोरलं, सगळं लिहिलं. वर्षापूर्वीची चीर, गंज, भोक, आणि 'नगरचा वाकबगार कारागीर कोर्टात साक्ष देणार आहे' हेसुद्धा. खाली मंडळाचं नाव आणि माझं. बाजारात मी स्वतः पत्रकं वाटली. लोक हसत होते, मोठ्यानं वाचून दाखवत होते. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत यशस्वी पत्रक, आजही मी तसं म्हणेन.

आईच्या हाती ते पडलं तेव्हा तिनं उभ्या उभ्या वाचलं. रागावली नाही. म्हणाली, "मी पहिलीतल्या पोरांना शिकवते, उत्तर लिहून झालं की पाटी छातीशी धरायची. नाहीतर आजूबाजूचा पुसून टाकतो."

मंगळवारी सकाळी जीप आमच्या कडुनिंबाखाली येऊन थांबली. अण्णाशेठ स्वतः चालवत आले होते, बरोबर कुणी नाही. पांढरं धोतर, पांढरा शर्ट, हातात काठी. बाजेवर ऐसपैस बसले. आईनं चहा आणला, कारण दारी आलेल्याला आमच्या घरी चहा द्यायचाच असायचा, मग तो कुणीही असो.

"मिस्त्री," ते म्हणाले, "मागल्या खेपंला काम अर्धं ठिवलं हुतं तुमी."

"तुमालाच घाई हुती, शेठ."

"आज न्हाई. आज बसतो दिवसभर. पुरं करा."

"गाडी कोर्टाच्या कामातली हाय."

"गाडी माझी हाय. पंचनामा झालाय, तडा कागदावर आलाय. आता मोडकी गाडी चालवत बसू का?" मग त्यांनी खिशातून चार घड्या घातलेलं माझं पत्रक काढलं आणि मांडीवर सारखं केलं. "लई झ्याक लिवलंय. हसलो मी. वाकबगार कारागीर! माझ्या गाडीचा पत्रा एकाच मानसानं उघडलाय आजवर. बाकी मला काय ठावं, भोकाचं न् बिकाचं? माझ्या तर ध्यानातबी नव्हतं ते. पोरीनं आठवन करून दिली."

"दुसरीकडं न्या," बाबा म्हणाले.

"दुसरीकडं नेली तर तुमी साक्षीला उभं र्‍हाल. तुमच्याच हातानं बुजवलं, मंग कोर्टात काय सांगनार?" चहाचा घोट घेतला. माझ्याकडं वळले. आवाज गोड, घरातल्या मुलीशी बोलावं तसा. "तू इथली व्हय! खडीच्या ढिगावर उभी हुतीस. हात करून 'अडवा' म्हनलीस. मला वाटलं कोन पोरगी ही, कुठली. कागदावर तुज्या नावाम्होरं बापाचं नाव वाचलं तवा कळलं. फिर्यादीत अजून जागा हाय, बरं का मिस्त्री. बाया अडानी, त्यांना चिथावनी कुनी दिली, ते र्‍हायलंय. घालू का? तुमी सांगाल तसं."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं.

यावर मी पन्नास वर्षं विचार केलाय. ते माझ्याकडं रागानं पाहत नव्हते, विनवणीनंही नाही. पत्र्यावर टकटक केल्यावर मान तिरकी करून थांबायचे तसे थांबले होते, आतून काय आवाज येतो ते ऐकायला. मला बोलायचं होतं ते अगदी लहान वाक्य होतं: घाला माझं नाव. मी हजार लोकांपुढं असली वाक्यं बोलले होते. 'तुरुंगाला भिऊ नका' हे मी त्याच्या आदल्या महिन्यातच छापलं होतं, ठळक अक्षरात. मला पोलीस स्टेशन दिसलं, कॉलेजातून काढलेलं नाव दिसलं, आणखी काय काय दिसलं ते लिहीत नाही. मी खाली बघितलं. जमिनीवर लिंबोळ्या पडल्या होत्या, त्यांच्याकडं बघत राहिले. मग बाबांनी पाना उचलला.

डॅशबोर्ड सोडवायला तास गेला. एकेक घड्याळ काढून, तारांना चिंध्यांच्या खुणा बांधून त्यांनी तो पत्रा बाहेर काढला आणि दोन दगडांवर ठेवला. चिरेच्या कडा कानशीनं घासल्या. वर्षाचा लाल गंज भुकटी होऊन त्यांच्या पायावर पडला. हिरवा लष्करी रंग, त्याखाली आणखी एक रंग, त्याखाली चकचकीत लोखंड. मागून पट्टी लावली. पत्रा तापून वाकडा होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना ओल्या फडक्यांच्या घड्या ठेवल्या. गॅस पेटवला. चीर लाल झाली तेव्हा मान न वळवता म्हणाले, "एस्तेर, टाकनखार दे."

आणि मी दिला. त्याच्याशिवाय पितळ लोखंडाला धरत नाही. डबी उघडून त्यांच्या हातात दिली. सळईचं पितळ वितळलं, त्या गोल भोकात थेंबासारखं उतरलं, थरथरलं आणि बसलं. मग ठोकणं, घासणं, खळगे बुजवायला लांबी भरणं, काचकागद, पुन्हा लांबी, हातपंपानं रंगाचा फवारा. अण्णाशेठ बाजेवर आडवे होऊन घोरत होते. आई शाळेला गेली नाही, आत बसून वह्या तपासत राहिली. उतरत्या उन्हात रंग वाळला तेव्हा बाबांनी त्यावरून तळहात फिरवला. मी पाहत होते. जोड कुठं होता ते मला, दिवसभर समोर बसलेलीला, सापडेना. अण्णाशेठनंही बोट फिरवलं. म्हणाले, "हात हाय बरं का तुमचा, मिस्त्री."

गाडी गेल्यावर माझी जीभ सुटली, तोफेसारखी. "मुद्दाम कच्चं ठेवता आलं नसतं? जरा खूण, जरा उंचवटा, कोर्टात दाखवायला?"

बाबा हात घासत होते. "मला कच्चं येत न्हाई," ते म्हणाले. हात पुसत पुढं म्हणाले, "आन् तू बोलली आस्तीस तर मला गॅस पेटवावा लागला नसता." त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही, मरेपर्यंत. मला तो काढायचा होता. कितीतरी वेळा तोंडाशी आला. मी सभांमध्ये बोलत राहिले.

वकिलांनी ऐकलं आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "भोक ज्यानं बुजवलं तोच सांगणार भोक होतं म्हणून? उलटतपासणीत दोन मिनिटं टिकणार नाहीत ते. आणि तुझं नाव येईल ते वेगळं." अर्ज दिला नाही. तारखेला मी मागच्या बाकावर होते. गयाबाईला विचारलं, ही हातोडी तुझी का? ती म्हणाली, "माझीच. कामावर दिलेली." पंचांनी साक्ष दिली. बॉनेटवर तळहात आपटला होता हे बायकांनी सांगितलं, पण त्या तर टोळीतल्याच. सहा महिन्यांची शिक्षा झाली. मी निषेधाचं पत्रक काढलं. कुणी फारसं वाचलं नाही.

त्या उन्हाळ्यात सासूनं सुमनचं लग्न लावून टाकलं, खर्ड्याच्या पलीकडं, चुलत्याच्या ओळखीत. घरात खाणारं एक तोंड कमी. मी आईला बोर्डिंगचं विचारलंच नव्हतं. राहून गेलं होतं.

शिक्षा भोगून गयाबाई परतली तेव्हा मी तिच्या गावी गेले. पाऊस होऊन गेला होता, बांधांवर गवत होतं. मी कबुली द्यायला गेले होते, आणि आज प्रामाणिकपणे लिहायचं तर क्षमा घेऊन यायला. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. वाळली होती, केस कापलेले. मी सगळं सांगितलं: भोक, पत्रक, मंगळवार, टाकणखार. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. नुसता भाकरीचा थपथप आवाज. माझं संपल्यावर तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं.

"फौजदार रोज इचारायचा," ती म्हणाली. "भाषान करनारी पोरगी कोन? कुठली? नाव सांग, तुला सोडतो. पयल्या दिसापास्नं. म्या म्हनलं, पोरगी बिरगी कोनी नव्हती. मीच बोलले. त्यानं मारलंबी एकदा. म्या म्हनलं, मारा. नाव न्हाई मला ठावं."

चुलीत लाकूड तडकलं.

"मला वाटलं, हिला पुढं बोलायचंय. लिवनारी पोरगी हाय, ऱ्हाऊ द्या भाईर." तिनं भाकरी उलटली. पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. "आन् तू सोताच छापून वाटलंस व्हय गं, तुजं नाव?"

मी म्हणाले, "गयाबाई, माझं चुकलं."

"व्हय," ती म्हणाली. "चुकलं."

भाकरी फुगली होती. तिनं ती काढली, पाटीत ठेवली आणि पाटी सासूकडं सरकवली. मग पिठाचे हात झाडले.

"चारची येस्टी हाय फाट्यावर," ती म्हणाली. "नीघ आता."